बँकॉक का हादरले? म्यानमारचा भूकंप, माझा अनुभव आणि आपण शिकायच्या गोष्टी

शुक्रवार, २८ मार्च २०२५. दुपारचे जेवण आटोपून मी नुकतीच टेबलावर येऊन बसले होते. बँकॉकमध्ये दोन वर्षांपासून मी एका कंपनीच्या हिशेब विभागात काम करते. ऑफिस सुखुमवित रस्त्यावरच्या एका इमारतीत चौदाव्या मजल्यावर आहे. दीड वाजायला पाच-सहा मिनिटे असतील, तेव्हा मला चक्कर आल्यासारखे झाले. उन्हाळा कडक, म्हणून वाटले की बी.पी. कमी झाले असेल. समोर बसलेल्या थाई सहकाऱ्याकडे पाहिले तर तोही दोन्ही हातांनी टेबल धरून बसला होता. मग छतावरचे दिवे झुलायला लागले आणि भिंतीतून जुन्या लाकडी जिन्यासारखा करकर आवाज येऊ लागला. कुणीतरी ओरडले, "फेन दिन वाय!" म्हणजे भूकंप.

जे करू नये तेच आम्ही सगळ्यांनी केले. जिन्याकडे पळालो. इमारत हलत असताना चौदा मजले उतरलो. मधल्या कुठल्यातरी मजल्यावर भिंतीचा गिलावा पायऱ्यांवर पडलेला होता. एका बाईच्या चपला तिथेच राहिल्या होत्या. खाली रस्त्यावर पोहोचलो तेव्हा शेकडो माणसे मान वर करून इमारतींकडे पाहत उभी होती. समोरच्या एका इमारतीच्या गच्चीवर पोहण्याचा तलाव आहे. त्याचे पाणी काठावरून धबधब्यासारखे खाली कोसळत होते.

गंमत अशी की फुटपाथवर नूडल्स विकणाऱ्या मावशींना फारसे काही जाणवलेच नव्हते. त्यांनाही थोडी चक्कर आली होती, पण उन्हाने असेल म्हणून त्यांनी पाणी पिऊन घेतले. मला चौदाव्या मजल्यावर उभे राहता येत नव्हते आणि त्याच वेळी जमिनीवर उभ्या असलेल्या बाईला नीट कळलेही नाही! हे कसे, याचे उत्तर मी नंतर शोधत गेले. ते आपल्या तरुणांनाही कळावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

हजार किलोमीटरवरून आलेला हादरा

भूकंप बँकॉकला झालाच नव्हता. त्याचा केंद्रबिंदू म्यानमारमध्ये, मंडाले आणि सागाइंग या शहरांजवळ होता. बँकॉकपासून सुमारे एक हजार किलोमीटर. म्यानमारच्या घड्याळात तेव्हा १२ वाजून ५० मिनिटे झाली होती, भारतात ११ वाजून ५० आणि थायलंडमध्ये १ वाजून २०. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने त्याची तीव्रता ७.७ सांगितली. खोली अवघी १० किलोमीटर होती. साधारण बारा मिनिटांनी आणखी एक मोठा धक्का बसला, त्याची तीव्रता ६ च्या वर होती.

म्यानमारच्या मधोमध उत्तर-दक्षिण अशी एक मोठी भेग जमिनीत आहे. तिला सागाइंग भ्रंश म्हणतात. लांबी बाराशे किलोमीटरहून जास्त. या भेगेच्या दोन्ही बाजूंचे भूखंड एकमेकांना घासत विरुद्ध दिशांना सरकतात, दर वर्षी साधारण दोन सेंटिमीटर. पण ही सरक सुरळीत होत नाही. खडक एकमेकांत अडकतात, ताण साठत जातो आणि एके दिवशी खडक तुटतो. वर्षाला दोन सेंटिमीटर म्हणजे शंभर वर्षांत दोन मीटर. १८३९ साली याच भागात मोठा भूकंप झाला होता आणि आवा ही तेव्हाची राजधानी उद्ध्वस्त झाली होती. तेव्हापासूनच्या १८६ वर्षांचा हिशेब केला तर साडेतीन मीटरच्या पुढे जातो. एवढी उधारी दीड मिनिटाच्या आसपास वसूल झाली. मंडालेपासून राजधानी नेपिडॉच्या पुढेपर्यंत चारशे किलोमीटरहून अधिक लांबीची जमीन फाटली. एका सौरऊर्जा प्रकल्पाच्या फाटकावरील सीसीटीव्हीत जमीन डोळ्यांदेखत बाजूला सरकताना टिपली गेली आहे. भ्रंश सरकतानाचे असे चित्रण यापूर्वी जगात कुणाकडे नव्हते.

आता बँकॉककडे येऊ. भूकंपाच्या लाटा दोन-तीन प्रकारच्या असतात. जलद थरथरणाऱ्या लाटा थोड्या अंतरात विरून जातात. संथ, लांब लाटा मात्र शेकडो किलोमीटर जातात. लग्नाच्या मिरवणुकीतली पिपाणी दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू येत नाही, पण ढोलाचा घुमारा शेजारच्या गावापर्यंत पोहोचतो, तसेच हे. शिवाय जमीन उत्तरेकडून दक्षिणेकडे फाटत गेली आणि बँकॉक दक्षिणेलाच आहे. त्यामुळे जोरही आमच्याच दिशेला जास्त होता.

दुसरी गोष्ट मातीची. बँकॉक हे चाओ फ्राया नदीच्या मुखाजवळच्या गाळावर वसलेले शहर आहे. वरचे दहा-पंधरा मीटर मऊ, ओली, समुद्री चिकणमाती आणि तिच्याखाली पुन्हा गाळाचे थरावर थर. लांब लाटा या मातीत शिरल्या की त्या मोठ्या होतात. ताट हलवले तर त्यातली भाकरी जागची हलत नाही, पण खीर डुचमळते. बँकॉकची जमीन खिरीसारखी आहे.

तिसरी गोष्ट इमारतींची उंची. प्रत्येक इमारतीचा स्वतःचा एक झोका असतो. ढोबळ हिशेब असा की एका मजल्याला सेकंदाचा दहावा भाग. म्हणजे तीस मजली इमारत एक झोका पूर्ण करायला साधारण तीन सेकंद घेते, दोन मजली घर पाव सेकंदही घेत नाही. झोपाळ्याला बरोबर वेळ साधून हलके ढकलत राहिले तरी तो उंच जातो. लांब लाटांची वेळ आणि उंच इमारतींची वेळ जुळली, म्हणून टॉवर झुलले. मावशींच्या नूडल्सच्या गाडीची वेळ जुळली नाही, म्हणून त्यांना फक्त चक्कर आली.

हे जगात पहिल्यांदा घडलेले नाही. १९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिकोच्या किनाऱ्यावर भूकंप झाला आणि साडेतीनशे किलोमीटरहून दूर असलेल्या मेक्सिको सिटीत हजारो माणसे मेली, कारण ते शहर जुन्या तळ्याच्या गाळावर उभे आहे. २६ जानेवारी २००१ रोजी भूकंप कच्छमध्ये झाला, पण दूरच्या अहमदाबादेतही बहुमजली इमारती पडल्या. "आमच्याकडे भूकंप होत नाही" हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. दुसरीकडे झालेला भूकंप आपल्याकडे येऊ शकतो.

ती संध्याकाळ

मेट्रो आणि स्कायट्रेन बंद झाली. रस्त्यावर गाड्या जागच्या जागी थांबल्या. माझी खोली ऑन नुटला, ऑफिसपासून सहा किलोमीटर. हजारो लोकांसोबत मीही चालत निघाले. बाजूला इस्पितळातले रुग्ण सलाईनसह फुटपाथवर आणले होते. फोन लागत नव्हता, पण इंटरनेट चालू होते. मी घरच्या ग्रुपवर एकच ओळ टाकली, "भूकंप झाला, मी ठीक आहे, बाहेर आहे." ही एक ओळ पहिल्या दहा मिनिटांत टाकली हे मी केलेले एकमेव शहाणपणाचे काम.

तासाभराने आईचा फोन लागला. माझे माहेर औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजायच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आई नवी सून होती. आदल्या रात्री गणपती बुडवून गाव नुकता झोपला होता. तिने मला कसा भूकंप, किती मोठा, काही विचारले नाही. म्हणाली, "आज घरात झोपू नको. आणि भिंतीजवळ तर अजिबात बसू नको." बत्तीस वर्षांनंतरही तिला बरोबर तेच आठवले.

त्या रात्री बँकॉक महापालिकेने लुंपिनीसह काही मोठी उद्याने लोकांसाठी उघडी ठेवली. मी एका उद्यानात चटईवर रात्र काढली. शेजारी एक थाई कुटुंब होते. त्यांनी मला भाताचा डबा दिला. भाषा अर्धीमुर्धीच समजत होती, पण भात समजायला भाषा लागत नाही.

एक तक्रार मात्र सगळ्यांच्या तोंडी होती. सरकारचा इशारा देणारा मोबाईल संदेश कित्येकांना काही तासांनी आला आणि काहींना आलाच नाही. खुद्द पंतप्रधान पेतोंगतार्न शिनावात्रा यांनी यावर नाराजी व्यक्त केली. नीट विचार केला तर यात मोठा धडा आहे. जोरदार लाटांना मंडालेहून बँकॉकला यायला तीन-चार मिनिटे लागली. वीज आणि इंटरनेट त्याच्या कितीतरी पट वेगाने जाते. यंत्रणा तयार असती तर लिफ्ट थांबवायला, शस्त्रक्रिया थांबवायला, क्रेनवरच्या मजुराला खाली बोलवायला ही मिनिटे पुरली असती.

कोसळलेली एक इमारत आणि तिच्यातले मजूर

बँकॉकमध्ये पूर्णपणे कोसळली ती एकच उंच इमारत. चतुचक भागात राज्य लेखापरीक्षण कार्यालयासाठी बांधला जात असलेला तीसहून अधिक मजल्यांचा टॉवर. काही सेकंदांत तो मातीच्या ढिगासारखा खाली बसला. त्याच्या आजूबाजूच्या शेकडो उंच इमारती उभ्या राहिल्या. थायलंडमध्ये बँकॉकसाठी भूकंपाचे बांधकाम नियम २००७ पासून आहेत. मग हीच का पडली, असा प्रश्न विचारला गेला. आराखडा, स्टील, देखरेख या सगळ्यांची चौकशी सुरू झाली आणि जबाबदार लोकांवर गुन्हे दाखल झाले. देशाच्या खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या कार्यालयाचीच इमारत पडावी, यावर थाई माणसे कडवट हसत होती.

ढिगारा उपसण्याचे काम मे महिन्यापर्यंत चालले. मृतांचा आकडा नव्वदच्या आसपास गेला. ते कोण होते? बांधकाम मजूर. थायलंडच्या गरीब भागातले आणि म्यानमारमधून पोट भरायला आलेले. म्हणजे ज्यांच्या गावी घरे पडली, त्यांच्याच भावकीतली माणसे इथेही ढिगाऱ्याखाली होती. बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर नातेवाईक बसून असत. परदेशात कागदपत्रे अपुरी असलेला मजूर मेला, तर त्याचे नाव सांगायलाही त्याचे लोक घाबरतात, कारण नाव सांगितले की आपले कागद विचारले जातील.

आमच्या ऑफिसमध्ये चहापाणी आणि सफाईचे काम करणारी मुलगी सागाइंगची. तिचा धाकटा भाऊ तिथल्या एका विहारात श्रामणेर आहे. शुक्रवारी दुपारपासून तिचा फोन हातातून सुटला नाही. म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावापासून इंटरनेटवर बंधने आहेत आणि भूकंपाने उरलेले टॉवरही पडले होते. सोमवारी ती कामावर आली. मी म्हटले, "अगं, घरी थांब." ती म्हणाली, "घरी थांबले तर नुसता फोनच बघत बसेन." त्या संध्याकाळी निरोप आला. भाऊ वाचला होता. विहाराची भिंत पडून त्याच्याबरोबरचे दोन लहान श्रामणेर गेले होते. ती आनंदाने रडली नाही, दुःखानेही रडली नाही. कप धुऊन झाले, मग बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मंडाले आपले कोण लागते?

काही तरुण मला विचारतात, म्यानमारचे आपल्याला काय? थोडी आठवण करून देते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांना धम्मदीक्षा देणारे भदन्त चंद्रमणी महास्थविर मूळचे बर्माच्या आराकान प्रांतातले. डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. इगतपुरीच्या धम्मगिरीमुळे महाराष्ट्राला माहीत झालेले सत्यनारायण गोयंका यांचा जन्म मंडालेचा. याच मंडालेत राजा मिंडोनने संपूर्ण त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिलांवर कोरून ठेवले. कुथोडॉ पॅगोडाच्या आवारात त्या शिला उभ्या आहेत.

त्या दिवशी मंडालेच्या उ हला थेइन विहारात भिक्खूंची परीक्षा चालू होती. शेकडो भिक्खू आत असताना इमारत कोसळली. महामुनी पॅगोडाची मोठी हानी झाली. आवाजवळचा १९३४ चा जुना पूल इरावती नदीत पडला. त्याच वेळी मुस्लीम वस्त्यांमध्ये रमजानच्या शेवटच्या शुक्रवारची नमाज सुरू होती. मशिदी पडल्या आणि शेकडो माणसे तिथल्या तिथे गेली. म्यानमारमधील मृतांची अधिकृत संख्या ३,७०० च्या वर गेली. युद्ध चालू असलेल्या भागातली गणती पूर्ण असणे अवघड, हेही लक्षात ठेवावे.

भारताने दुसऱ्याच दिवशी 'ऑपरेशन ब्रह्मा' सुरू केले. पहिल्या विमानातून १५ टन मदत यांगूनला पोहोचली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी उ हला थेइन विहाराच्या ढिगाऱ्यात काम केले आणि भारतीय लष्कराने मंडालेत इस्पितळ उभारले. मंडाले आणि भारत यांच्यातला जुना धागा त्या दिवसांत मला पुन्हा दिसला.

"त्यांचे कर्म होते" म्हणणाऱ्यांसाठी

त्या आठवड्यात माझ्या फोनवर तीन प्रकारचे संदेश आले. एकात लिहिले होते की मशिदी पडल्या, हा देवाचा न्याय. दुसऱ्यात लिहिले होते की म्यानमारमधल्या बौद्धांनी रोहिंग्यांना छळले, म्हणून विहार पडले. तिसरा संदेश आपल्याच लोकांचा होता. बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच भूकंपाचे शास्त्र सांगून ठेवले आहे, असा त्याचा मथळा.

पहिल्या दोघांचे उत्तर सोपे आहे. मशीदही पडली आणि विहारही पडला. दोन्हींच्या भिंती लोखंड न घातलेल्या विटांच्या होत्या. भ्रंशाला धर्म कळत नाही. पण त्यापुढे एक माणसाने केलेली गोष्ट आहे. तिथल्या मुस्लिमांचे म्हणणे असे की कित्येक जुन्या मशिदींच्या दुरुस्तीला वर्षानुवर्षे परवानगीच मिळत नव्हती. मोडकळीला आलेली इमारत दुरुस्त करू द्यायची नाही आणि ती पडली की देवाचे नाव घ्यायचे, याला न्याय कसे म्हणायचे?

तिसऱ्या संदेशाबद्दलही खरे बोलू या. महापरिनिब्बान सुत्तात आनंद भूकंपाचे कारण विचारतो आणि भगवान बुद्ध आठ कारणे सांगतात. पहिले कारण निसर्गाचे आहे. पृथ्वी पाण्यावर, पाणी वायूवर आधारलेले, आणि वायू क्षुब्ध झाला की पृथ्वी हलते, असे ते वर्णन. उरलेल्यांत बोधिसत्त्वाचा जन्म, संबोधी, धम्मचक्रप्रवर्तन, महापरिनिर्वाण हे प्रसंग येतात. हे आजचे भूगर्भशास्त्र नाही आणि तसा दावा करून आपण बुद्धांचा मान वाढवत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते हे की प्रश्न विचारला गेला आणि पहिले उत्तर कुणाच्या पापाचे दिले गेले नाही, निसर्गाचे दिले गेले.

संयुत्त निकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो की माणूस जे काही सुखदुःख भोगतो ते सगळे पूर्वकर्मामुळेच, हे खरे का? बुद्ध ते मान्य करत नाहीत. पित्त, कफ, वात, तिन्ही एकत्र, ऋतुबदल, निष्काळजीपणा, बाहेरून झालेला आघात अशी कारणे मोजून शेवटी ते कर्माचे नाव घेतात. आठांपैकी एक. पडलेली भिंत हा बाहेरचा आघात आहे. वाईट सिमेंट हा निष्काळजीपणा आहे. गरिबाचे दुःख त्याच्या मागच्या जन्माच्या खात्यात टाकण्याची सवय आपल्या समाजाने हजारो वर्षे सोसली आहे. तीच सवय आपण दुसऱ्यांच्या दुःखाला लावू नये.

किल्लारी आणि मंडाले

एक हिशेब सांगते. तीव्रतेत एक अंक वाढला की भूकंपाची ऊर्जा साधारण ३२ पट होते. किल्लारीचा भूकंप ६.२ चा. म्यानमारचा ७.७ चा. म्हणजे म्यानमारची ऊर्जा सुमारे पावणेदोनशे पट. तरी किल्लारी परिसरात जवळपास दहा हजार माणसे गेली. कारण वेळ पहाटेची, माणसे झोपेत, आणि घरे दगडमातीच्या जाड भिंतींची, वर मातीचे जड धाबे. ती घरेच अंगावर आली. आणि तो भाग तेव्हाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याचा होता!

भूकंप माणसाला क्वचितच मारतो, बांधकाम मारते. आणि बांधकाम कसे असेल हे पैसा, जात, परवाना, भ्रष्टाचार यांवर ठरते. मदतीचेही तसेच. आई सांगते, १९९३ मध्ये तिच्या गावात ताडपत्र्या आमच्या वस्तीपर्यंत सगळ्यांत शेवटी आल्या, तोवर दोन पाऊस होऊन गेले होते. कच्छच्या भूकंपानंतर दलितांना मदतीत डावलल्याच्या नोंदी मानवी हक्क संघटनांनी केल्या आहेत. म्यानमारमध्ये सागाइंगचा मोठा भाग लष्कराच्या विरोधकांच्या हातात. तिथे मदत पोहोचवायला तपासनाके आडवे येत होते. लष्कराने २ एप्रिलला तात्पुरता युद्धविराम जाहीर केला, पण त्यानंतरही हवाई हल्ले थांबले नाहीत. देश वेगळा, गणवेश वेगळा, पण मदतीची रांग कुणापासून सुरू होते आणि कुणापाशी संपते, हे आईने लगेच ओळखले.

मग आपण काय करायचे?

परदेशात शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी आणि गावाकडच्या कार्यकर्त्यांसाठी मी शिकलेल्या गोष्टी अशा:

१. हलत असताना पळू नका. पक्क्या इमारतीत असाल तर मजबूत टेबलाखाली जा, डोके-मान झाका, टेबलाचा पाय धरून ठेवा. काच आणि कपाटापासून दूर. हलणे थांबल्यावर जिन्याने उतरा, लिफ्टने नाही. दगडमातीच्या घरात असाल आणि दार दोन पावलांवर असेल तर मात्र लगेच मोकळ्यावर या.

२. पासपोर्ट, व्हिसा, विमा यांच्या प्रती, औषधे, पाणी, टॉर्च, पॉवरबँक, थोडी रोख, पायात घालायचे बूट हे एका पिशवीत दाराजवळ ठेवा. परदेशी गेल्यावर भारतीय दूतावासाकडे नोंदणी करा. मी केलेली नव्हती.

३. घरी छोटा लेखी संदेश पाठवा. फोन लागत नसला तरी तो पोहोचतो. गावाकडच्यांनी एकाच माणसाकडे चौकशी ठेवावी. मला त्या दिवशी साठ जणांनी "कशी आहेस" विचारले आणि बॅटरी सात टक्क्यांवर आली.

४. घरी परतण्याआधी भेगा बघा. गिलाव्यावरच्या केसासारख्या भेगा सहसा वरवरच्या असतात. कॉलम किंवा बीममध्ये तिरक्या भेगा, फुलीसारख्या भेगा, बाहेर दिसणारी सळई, अडकणारी दारे, एका बाजूला कललेला मजला हे धोक्याचे. अशा घरात इंजिनिअरने पाहिल्याशिवाय राहू नका. माझ्या घरमालकाने "काही होत नाही, भाडे भरा" म्हटले. बँकॉक महापालिकेने 'ट्रॅफी फोंडू' या अ‍ॅपवर भेगांचे फोटो मागवले होते आणि हजारो लोकांनी ते पाठवले. मीही पाठवला. चौथ्या दिवशी उत्तर आले, भेग गिलाव्याची आहे. मग मी झोपले.

५. आफ्टरशॉक येणारच, पण त्यांची तारीख-वेळ कुणी सांगू शकत नाही. "रात्री ११ वाजता मोठा भूकंप" असा संदेश आला की तो खोटा समजा आणि पुढे ढकलू नका. सोमवारी अनेक कार्यालयांतून लोक अशाच धास्तीने पुन्हा खाली उतरले होते.

६. मन सांभाळा. मला पंधरा दिवस जमीन हलल्याचा भास होत होता. लिफ्टमध्ये शिरले की घाम फुटायचा. हे वेड नव्हे, शरीराची आठवण आहे. आनापान बसून केले, मैत्रिणींशी बोलले, हळूहळू कमी झाले. कमी झाले नाही तर डॉक्टरकडे जावे, लाजू नये.

७. दान विचारून द्या. आमच्या ऑफिसमध्ये जुने कपडे गोळा झाले. ती सागाइंगची मुलगी म्हणाली, तिथे चाळीसच्या आसपास तापमान आहे, स्वेटर नको, ताडपत्री आणि पाणी शुद्ध करायच्या गोळ्या हव्यात. तिच्या गावच्या मुलांनी तिथल्याच बाजारात खरेदी करून थेट वाटप केले. ज्यांना मदत पोहोचवायची त्यांच्यातलाच माणूस यादी करणाऱ्यांत असला, तर शेवटची वस्ती यादीत राहते.

८. आणि आपल्या गावच्या, नगरातल्या विहाराकडे एकदा नीट बघा. वर्गणीतून टप्प्याटप्प्याने बांधलेले, खाली मोकळा हॉल, बारीक कॉलम आणि वर जड घुमट, असे आपले किती विहार आहेत? १४ एप्रिलला, बुद्धपौर्णिमेला तिथे किती माणसे, किती लेकरे बसतात? समाजात आता स्थापत्य अभियंते कमी नाहीत. एका रविवारी दोघांनी येऊन बांधकाम तपासले, कॉलमला आधार लागतो का ते लिहून दिले, तर तो खरा धम्मदानाचा दिवस ठरेल. तिथेच प्रथमोपचाराचे शिबिर घ्या आणि वस्तीतल्या म्हाताऱ्या, आजारी, एकट्या माणसांची यादी भिंतीवर लावा.

मागच्या महिन्यात सागाइंगच्या मुलीने भावाचा फोटो दाखवला. विहाराच्या जागी बांबूचा मांडव, वर निळी ताडपत्री, खाली ओळीने बसलेले श्रामणेर आणि समोर पाठांतराची पुस्तके. भिंत एकही नाही. मी तो फोटो आईला पाठवला. आईने खूप वेळाने उत्तर दिले, "बरं झालं. पुन्हा बांधतील तेव्हा सळई घाला म्हणावं."